मशीनवर नाव कुणाचं

ही हकीगत मी आजवर धड कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे आणि ती अर्धी माझ्या सोयीची आहे. मुलगा अधूनमधून विचारायचा, "बाबा, दुकान चांगलं चाललं होतं, मग बंद का केलंत?" मी डोळ्यांचं कारण पुढे करायचो. तेव्हा डोळे ठणठणीत होते. आता खरोखरच अधू झालेत, भिंग घेतल्याशिवाय ओळ दिसत नाही. आणखी लांबवलं तर लिहिणंच व्हायचं नाही, म्हणून बसलो आहे.

नव्वद सालानंतर आमच्या कारखान्यात परदेशी यंत्रं आली, त्यांच्याबरोबर परदेशी भागीदार आले, आणि ड्रॉइंग ऑफिसात टी-स्क्वेअर धरून बसणाऱ्या आम्हा मंडळींना हारतुरे देऊन घरी पाठवण्यात आलं. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, हा शब्द तेव्हा पुण्यात घरोघरी झाला होता. मी सदाशिव पेठेत तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आणला आणि डीटीपीचं दुकान टाकलं. क्लासच्या नोट्स, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, वाढदिवसाचे फलक, असलं काम. पेठेत क्लास इतके होते की नुसत्या नोट्सवर दुकान चाललं असतं.

मला स्वतःला टायपिंग येत नव्हतं. ते करायला ताई होत्या. मी त्यांना ताईच म्हणत असे, त्या मला काका. तिशी ओलांडलेल्या, मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता आणि कायम होण्याची वाट बघत होता. खडकीतच एका खोलीत नवरा-बायको आणि एक मुलगी राहत. ताई बसने यायच्या, पदर खोचून मशीनपुढे बसायच्या आणि न बघता टाइप करायच्या. पुण्यात आल्यावर त्यांनी आमची भाषा मुद्दाम शिकून घेतली होती, कारण पहिल्या आठवड्यात एका क्लासवाल्या सरांनी त्यांच्या "मले" वरून टोमणा मारला होता: "बाई, तुम्ही टाइप करताना तरी ‘मला’ असंच लिहिता ना?" तेव्हापासून त्या गिऱ्हाइकांपुढे तोलून मापून बोलत. मात्र घाई झाली किंवा आनंद झाला की वऱ्हाडी बाहेर येई.

पहिला कॉम्प्युटर मी रीतसर घेतला होता. त्याच्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमचं लायसन्स म्हणून एक देखणा कागद आला होता, चंदेरी पट्टीचा. मी तो फ्रेम करून भिंतीवर लावला, शॉप ॲक्टच्या लायसन्सशेजारी. माझ्या समजुतीने लायसन्स म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू. इन्स्पेक्टर आला की बोट दाखवायचं. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहिलं की दोन्ही फ्रेमनाही झेंडूची माळ घालायचो. आमच्या गल्लीत याला कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांची समजूत तीच होती.

काही वर्षांनी ते मशीन दमलं. एक क्लासवाले सीडी घेऊन आले, ती उघडेना. दुसऱ्याचे फॉन्ट दिसेनात. मराठी टायपिंगचं नवं पॅकेज जुन्या सिस्टीमवर चढेना. ताई म्हणाल्या, "काका, गिऱ्हाईक परत चाललंय." मग मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. तरुण होता, जिभेने तिखट.

"आतलं सगळं बदलावं लागेल," तो म्हणाला. "जुनं मला द्या, त्याचे थोडे वजा करतो."

"आणि सिस्टीम?"

"नवी टाकू की."

"लायसन्स आहे माझ्याकडे," मी ऐटीत म्हणालो. "भिंतीवर लावलंय."

तो हसला नाही, फक्त हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "काका, ते शॉप ॲक्ट नाही. मशीनबरोबर आलेलं लायसन्स मशीनबरोबरच जातं. सती जातं म्हणा ना. मदरबोर्ड बदलला की ते मेलं. शिवाय ते जुन्या सिस्टीमचं, नवीला चालतच नाही."

"मग नवं काय आहे?"

"दोन प्रकार. एक डब्यातलं. ते तुमचं स्वतःचं. मशीन बदला, दुकान बदला, ते तुमच्याबरोबर येतं. महाग आहे. दुसरं, मी नव्या मशीनबरोबर बसवून देतो ते. स्वस्त, पण त्या मशीनशी लग्न लागलेलं. पुढच्या वेळी पुन्हा सती."

"आणि सगळे काय घेतात?"

त्याने दुकानात दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं. "सगळे लायसन्स घेत नाहीत हो. सगळे सिस्टीम घेतात. तुम्हाला लायसन्स पाहिजे की सिस्टीम पाहिजे, तेवढं ठरवून सांगा."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आलो. इतकी वर्षं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला माहीतच नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग घ्या ना डब्यातलं. लग्न लावायला निघालात की काय?"

"शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नाही घेतलेलं."

"त्याने बायकोही नाही केलेली. त्याचं सगळंच करणार आहात का?"

पैसे नव्हते असं मी म्हणणार नाही. होते. पण आमच्या गल्लीत फुकट मिळणारी वस्तू विकत घेणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. अमृततुल्यात चहा पीत लोक माझ्यावर हसतील, हीच मला पहिली भीती वाटली, पोलिसांची भीती नंतरची. दोन दिवस मी दुकानदाराला फोन केला नाही. मग केला आणि म्हणालो, "सगळे घेतात ते द्या."

मशीन घेऊन तो स्वतःच दुकानात आला. जुना कॅबिनेट कोपऱ्यात ठेवला, नवा टेबलावर मांडला आणि वर मार्करने काहीतरी खरडलेली एक सीडी आत सरकवली. ताई स्टुलावर बसून उत्सुकतेने बघत होत्या. स्क्रीन निळा झाला, टक्के चढत गेले. कुठल्याशा एका टप्प्यावर तो थांबला.

"नाव काय टाकू?"

"कसलं नाव?"

"विचारतंय. ही सिस्टीम कुणाच्या नावावर."

इतका वेळ मी नुसता बघत होतो, आता पुढे झालो. लिहून ठेवणार, म्हणजे कुठेतरी राहणार. "माझं नको," मी म्हणालो.

"मग दुकानाचं टाकतो."

"दुकानाचं तर अजिबात नको. बाहेर पाटी आहे."

तो वैतागला. "नाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही हो हे. काहीही टाका. बऱ्याच जणांकडे मी गणपतीचंच टाकलंय. निम्मी पेठ बाप्पाच्या नावावर आहे. टाकू?"

आता मला जे लिहायचं आहे ते याच जागी आहे. गणपतीचं नाव टाकलं असतं तर ही हकीगत झालीच नसती. त्या क्षणी माझ्या डोक्यातून काय गेलं ते मला आजही स्वच्छ आठवतं. उद्या कुणी आलंच, तर गणपतीचा जबाब कुणी घेणार नाही. फिरून सगळे माझ्याकडेच येतील. तिथे एखाद्या जित्या माणसाचं नाव हवं होतं, आणि ते माझं नको होतं.

"ताईंचं टाका," मी म्हणालो. "त्याच बसतात त्याच्यापुढे."

ताई स्टुलावरून उठल्याच. "माहं? खरंच जी काका?"

"हो. मशीन तुमचंच आहे की."

त्यांनी दुकानदाराला आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट आडनाव. त्याने घाईत एक अक्षर चुकवलं तर त्यांनी स्क्रीनला बोट लावून ते दुरुस्त करून घेतलं. मशीन चालू झाल्यावर ते नाव कुठे दिसतं हे त्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीला दुकानात घेऊन आल्या, माउस फिरवून स्क्रीनवरची ती नावाची पाटी उघडली आणि म्हणाल्या, "वाच." मुलीने आईचं नाव इंग्रजीत अक्षर अक्षर लावून वाचलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. पाठमोराच राहिलो.

त्यानंतरचे महिने मी भीतीत काढले. आधी ती अमृततुल्यात ऐकू आली. कुणीतरी म्हणालं, डेक्कनकडे एका ऑफिसात रेड पडली, मशीनं उचलून नेली. दुसरा म्हणाला, मालकाला आत बसवलं. तिसऱ्याच्या मते ही नवी सिस्टीम फोनच्या तारेतून आतल्या आत कंपनीला कळवते, कोण कुठे बसून काय वापरतो ते. खरं काय आणि खोटं काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दुकानात येऊन मोडेमची तार काढून ठेवली. ताई म्हणाल्या, "काका, मेल यायचे आहेत सरांचे." मी म्हटलं, "त्यांना सीडी आणू दे."

अनोळखी माणूस पायरी चढला की मी आधी त्याच्या हाताकडे बघायचो. ब्रीफकेस असली की उठून दारात उभा राहायचो. ताईंना सांगून ठेवलं होतं, कुणी नवीन आलं की मॉनिटर बंद करायचा. त्या विचारायच्या, "कायले?" मी म्हणायचो, "लाइट वाचते." एकदा एका बाईचा फोन आला, मंजुळ आवाजात इंग्रजीत विचारत होती, आपल्याकडे किती कॉम्प्युटर आहेत. सर्वेक्षण आहे म्हणे. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला आणि त्या दिवशी दुपारीच शटर अर्धं ओढून घेतलं. ताई आत ट्यूबखाली टाइप करत राहिल्या, मी बाहेर पायरीवर उभा राहिलो, गल्लीच्या तोंडाकडे बघत. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, जावई यायचाय का?"

त्या काळात मी डब्यातलं लायसन्स घेऊ शकलो असतो. रोज सकाळी ठरवायचो, आज जायचं. मग वाटायचं, आता घ्यायला गेलो तर दुकानदार विचारेल, इतके दिवस काय वापरत होतात? जणू तो परका होता, त्यानेच ती सिस्टीम टाकून दिली नव्हती. धास्तावलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. ज्या दाराने सुटका आहे, नेमकं तेच त्याला बंद दिसतं.

ते आले तेव्हा मला ते गिऱ्हाईकच वाटले. दुपारची वेळ, गल्ली जेवून निजलेली. टाय लावलेला एक सौम्य चेहऱ्याचा माणूस, त्याच्याबरोबर फाइल घेतलेला दुसरा, आणि मागून टोपी काढून घाम पुसत एक हवालदार. हवालदाराला बघितलं आणि कळलं, हे गिऱ्हाईक नव्हे.

"आपण मालक?" टायवाल्याने विचारलं.

"हो."

"सिस्टीमच्या कंपनीकडून आलोय, जरा एक मशीन बघायचं होतं. घाबरू नका, नेहमीचं आहे."

हवालदाराने पाणी मागितलं. ताईंनी उठून माठातलं दिलं. टायवाला मशीनजवळ गेला, "माउस घेऊ का?" असं ताईंना अदबीने विचारलं आणि दोन ठिकाणी दाबून ती पाटी उघडली. मग त्याने ताईंचं नाव मोठ्याने वाचलं, सगळंच्या सगळं, नवऱ्याच्या नावासकट.

"या कोण?"

ताईंनी वर्गात हजेरीला करतात तसा हात वर केला. "मी जी." आणि त्या हसल्या. परक्या माणसाने त्यांचं नाव स्क्रीनवरून वाचलं याचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

टायवाला माझ्याकडे वळला. "सिस्टीम यांच्या नावावर कशी?"

मी म्हणालो, "मशीनचं सगळं त्याच बघतात. मला त्यातलं काही कळत नाही."

ही वाक्यं मी आधी जुळवून ठेवली नव्हती. जुळवायची गरजही पडली नाही, इतकी ती तयार होती. ताईंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले.

"सिस्टीम तुम्ही टाकलीत का?" त्याने त्यांना विचारलं.

"मी नाही जी. ते... काका, सांगा ना."

मला फक्त दुकानदाराचं नाव सांगायचं होतं. एवढंच. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, त्याला आणलं कुणी. मी म्हणालो, "मी त्या वेळी बाहेर गेलो होतो बहुतेक."

फाइलवाला लिहीत होता. भिंतीकडे बघून त्याने विचारलं, "हे लायसन्स कशाचं?" मी म्हणालो, जुन्या मशीनचं. "ते कुठंय?" विकलं. त्याने मान हलवली आणि तेही लिहिलं. शेजारच्या शॉप ॲक्टवरून त्याने माझं नाव उतरवून घेतलं, तेव्हा मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण हवालदार म्हणाला, "दोघांनी चौकीवर चला. नुसता जबाब."

चौकी आमच्याच भागात होती, पायी जाण्याजोगी. टोपी हातात घेतलेला हवालदार पुढे, मध्ये ताई, मागे मी. खिडक्यांतून बायका बघत होत्या. ताईंनी पदर डोक्यावरून घेतला होता, एरवी त्या कधी घेत नसत.

बाकावर बसल्यावर त्या माझ्याकडे झुकल्या. पुण्याची भाषा पार गळून पडली होती. "काका, माहं नाव पोलिसात नका येऊ देऊ जी. ह्यायच्या नोकरीची चौकशी चालू हाये. घरच्यायचंबी पाहतात म्हणे. तुमी सांगा ना त्यायले. मी काहीच नाही केलं."

"काही होत नाही," मी म्हणालो. "नुसता जबाब आहे."

"पण जबाबात माहंच नाव आलं तं?"

"सगळ्यांचंच येतं."

आधी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. चौकीचे साहेब विचारत होते, मशीनवर तुमचं नाव आहे, हे खरं? हो जी. मशीनवर कायम तुम्हीच बसता, हे खरं? हो जी. मग टाकली कोणी? ताईंनी वळून बाहेर माझ्याकडे पाहिलं. त्यांना दुकानदार माहीत होता, त्याला मी आणला हे माहीत होतं, नाव टाकायला कुणी सांगितलं हेही माहीत होतं. मी उठून आत जाऊन तेवढं बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या. माझे हात मांडीवर थरथरत होते, ते मी एकमेकांत अडकवले आणि जमिनीकडे बघत राहिलो.

आतून त्यांचा आवाज आला. "मले आठवत नाही जी." मालकाला अडकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, "इथं पूर्ण नाव लिहू का?"

संध्याकाळी त्यांचा नवरा आला, कारखान्याच्या कपड्यांतच. मला वाटलं, तो माझी कॉलर धरेल. मी त्यासाठी तयार होतो, म्हणजे पळायला तयार होतो. त्याने मला नमस्कार केला, "साहेब" म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "चाल." ती दोघं निघून गेली.

पुढचं सगळं वकिलाने केलं. तडजोड झाली. मला डब्यातलं लायसन्स घ्यावं लागलं, आणि कंपनीला लेखी माफीनामा द्यावा लागला. तो वकिलाने इंग्रजीत टाइप करून आणला. झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही, अशा अर्थाचा. मी वाचला आणि सही केली. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं आणि ज्यांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं, त्यांची माफी मागायला मला एक मिनिट पुरलं.

ताई परत आल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्यांचा एक पीपी नंबर होता, त्यावर मी एकदा फोन केला. नवरा फोनवर आला. "ती आता येनार नाही, साहेब. कॉम्प्युटरले हात लावू देनार नाही मी तिले." मी नोकरीच्या चौकशीचं विचारलं. "अडकली हाये," तो म्हणाला. पुढे कधीतरी एका क्लासवाल्या सरांकडून कळलं, उशिराने का होईना, तो कायम झाला. मी देवापुढे साखर ठेवली. पण ताईंनी त्यानंतर कुठेच टायपिंग केलं नाही हेही त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "तसा हात पुन्हा नाही मिळाला हो कुणाचा."

मी दुसरी मुलगी ठेवली. तिला मशीनजवळ बसलेली बघितलं की मला चौकीचा बाक आठवे. भीती गेली नव्हतीच, तिने फक्त तोंड फिरवलं होतं. आता वाटायचं, ताई एक दिवस कुणाला तरी सांगतील. पायरीवर बाईमाणसाची चाहूल लागली तरी मी दचकायचो. शेवटी डोळ्यांचं निमित्त करून दुकान बंद केलं.

वर्षं गेली. गल्लीतले क्लास मोठमोठ्या इमारतींत गेले, प्रत्येकाच्या खिशात कॉम्प्युटर आला. मग त्याच क्लासवाल्या सरांची रस्त्यात गाठ पडली आणि ते म्हणाले, ताईंनी धायरीला पोळी-भाजी केंद्र काढलंय, नवऱ्याने तिकडे जागा घेतली. त्या रात्री मला झोप आली नाही. धायरीची बस मला माहीत झाली, ती कुठून सुटते, कधी सुटते. कित्येकदा मी स्टॉपपर्यंत गेलो आणि बस सोडून दिली. बायकोला सांगायचो, फिरायला गेलो होतो. शेवटी एकदा चढलो. सिंहगड रस्त्याने जाताना मी मनात बोलायचं ते घोकत होतो, शाळेतली कविता घोकावी तसं. सुरुवात केली की मधेच अडायचो.

केंद्र लहानसं होतं, पुढे काउंटर, मागे दोन बायका पोळ्या लाटत होत्या. ताईंचे केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"काका! तुमी? बसा ना जी, बसा."

त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली, चहा टाकायला सांगितला. बायकोची चौकशी केली, मुलाची केली. त्यांची मुलगी आता हिंजवडीत नोकरीला होती, कंपनीची गाडी न्यायला येते म्हणाल्या. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी चौकीवर..."

"जाऊ द्या जी," त्यांनी मला तोडलं. "तुमी लय घाबरले होते. मी पाहिलं ना, हात थरथरत होते तुमचे. मले तेव्हाच कळलं, ह्या माणसाच्यानं काही बोलवत नाही. मालक असले म्हणून काय झालं, माणूस भेतेच."

इतकं सोपं करून त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. मला रडू येईल असं वाटलं. मग त्या काउंटरवर कोपर टेकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यायनं मले लय बोललं तेव्हा. कशाले नाव दिलं म्हणे तू. मी म्हटलं, मी कुठं दिलं, काकांनी दिलं. मान म्हणून दिलं. घर ह्यायच्या नावावर, गॅस ह्यायच्या नावावर, रेशनकार्ड सासऱ्याच्या. माहं नाव आपणहून कोणी कुठं घातलं नाही, काका. तुमी घातलं होतं. पोरीले मी अजून सांगते."

मागून बाईने विचारलं, "ताई, वांग्याची भाजी संपली, काय लावू?" त्या तिकडे वळल्या, काहीतरी सांगितलं, परत आल्या.

बसमध्ये घोकलेलं सगळं चौकीबद्दलचं होतं. ते त्यांनी केव्हाच माफ करून टाकलं होतं. त्यांना जे माहीत नव्हतं, तेच सांगायचं आता उरलं होतं, आणि ते सांगितलं की त्यांच्याकडची ती एक गोष्टही मी काढून घेणार होतो. सांगितलं नाही तर मी पुन्हा त्या बाकावर, जमिनीकडे बघत. पुन्हा तीच भीती, फक्त या वेळी हवालदार नव्हता. मी स्वतःला समजावलं की गप्प राहणं हीच त्यांच्यावर दया आहे. इतक्या वर्षांत मला एवढं कळायला हवं होतं की माझ्या भीतीला चांगली नावं देता येतात.

"आणखी काही बोलायचं होतं का, काका?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो. चहा छान झालाय."

त्यांनी मला पोळ्या बांधून दिल्या. मी बसने परत आलो. त्यानंतर धायरीला गेलो नाही. आता जाववत नाही. त्या असतील, नसतील, मी कुणाला विचारलेलं नाही. म्हणायचं होतं ते असं होतं: ताई, तो मान नव्हता. कुणी आलंच तर माझ्याऐवजी पुढे करायला मला एक माणूस हवा होता, आणि तुम्ही समोर स्टुलावर बसला होतात. मला क्षमा करा.